बाटलीतलं गुलाबी पाणी

श्रीहरीभाऊंनी प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाटली पुढे केली आणि ती त्यांच्या हातातून सुटायच्या आधी, दिवसातून पन्नासांना सांगून जिभेवर गुळगुळीत झालेलं वाक्य वर न बघता सांगितलं, "धुवाची नाई बरं बाई. अन् बुडाशी गुलाबी पानी आहे, ते फेकाचं नाई. त्याच्यातच टाकाचं."

विशाखाचा हात खिडकीच्या लोखंडी चौकटीवर तसाच राहिला. मागे रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीनं तिला कोपरानं ढोसलं, सरक ना वो माय, म्हणाली; तरी ती सरकली नाही. बुटकी, रुंद तोंडाची काचेची बाटली. पत्र्याचं फिरकीचं झाकण. अंगावर डिंकानं चिकटवलेली कागदाची पट्टी, आणि तळाशी जेमतेम दोन चमचे पाणी, कुणी कुंकवाचं बोट बुडवून काढावं तसं. हे पाणी कसलं, असं तिनं विचारलं तेव्हा श्रीहरीभाऊंनी पहिल्यांदा मान वर केली. पन्नाशीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. "जंतूची शिदोरी समजा जी," ते म्हणाले. "इथंवर जित्ता पोचला पाह्यजे ना तो. मेलेल्याले नाव कोन विचारते?" मागची म्हातारी खुदकन हसली. विशाखानं बाटली पदराखाली घेतली आणि ती बाहेर आली.

पोळा होऊन आठ दिवस झाले होते, पण ऊन चैत्रातल्यासारखं टोचत होतं आणि हवेत कोळशाची बारीक बुकणी होती. घर दहा मिनिटांवर, चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजाच्या बाहेर. घरी तिचा नागसेन होता, साडेतीन वर्षांचा, कालपासून रक्त-आव पडून डोळे खोल गेलेला. आणि शाळेतून रजा काढून त्याच्या उशाशी बसलेले त्याचे वडील, गुणवंत. तिला लवकर पोचायला हवं होतं. पाय उचलत होते, पण डोक्यात एकच वाक्य होतं आणि ते इतकं सरळ होतं की त्याचा अर्थ लागायला तिला गावाच्या परकोटाच्या भिंतीची सगळी सावली चालून जावी लागली. हे पाणी मी फेकलं होतं. पाच वर्षांपूर्वी. एटापल्लीच्या घरामागे, मेंदीच्या बुडाशी.

तेव्हा गुणवंत एटापल्लीला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ती बी.एस्सी. झालेली, पदवीचा कागद ट्रंकेत तळाशी ठेवून मुलीच्या मागे धावणारी. संघमित्रा दोन वर्षांची होती. घरात तिला मित्रा म्हणत. शेजारी मनकर्णा, जंगलकामावर रोजंदारीला जाणाऱ्या मुखरूची बायको, आणि तिचा लटारू, मित्राहून सहा महिन्यांनी मोठा. दोन्ही पोरं एकाच ओट्यावर लोळत, एकाच गडव्याला तोंड लावत, आणि इकडे विशाखाचा जीव खालीवर होई. ती पाणी उकळायची, दुहेरी फडक्यानं गाळायची, झाकायची, झाकणावर पुन्हा ताटली ठेवायची. मनकर्णा कमरेवर हात ठेवून बघत राहायची आणि म्हणायची, "मास्तरीन बाई, तुमी तं पानीबी धुऊन पेता जी." विशाखालाही हसू यायचं. पण हात थांबायचे नाहीत. ते हात तिचे एकटीचे नव्हतेच. माहेरी, मूल गावी, तिची आई, बायनाबाई, भांडी अशी घासायची की ताटात तोंड दिसावं. छप्पन्न साली चांद्याला दीक्षा घेऊन आलेल्या घरात ती सून म्हणून आली होती. आपल्या घरात कोनाले बोट दाखवाले जागा नाई भेटली पाह्यजे, हे तिनं कुठल्याही वचनासारखं पाठ केलं होतं आणि लेकीच्या बोटांत उतरवलं होतं. कॉलेजात मैत्रिणी घरी यायच्या तेव्हा आई आधी माठ घासायची, मग माठ ठेवायची तिवई घासायची, मग तिवईखालची जमीन. मैत्रिणी पाणी पिऊन जात. त्यांनी पाणी प्यायलं, हे आई रात्रीपर्यंत अधूनमधून सांगत राही.

म्हणून मित्राच्या दुपट्यावर पहिल्यांदा तांबडं दिसलं तेव्हा तिला वाटलं, चिखल आहे. सूरजागडच्या डोंगराकडून येणारं पाणी पावसाळ्यात लोखंडाच्या मातीनं तांबडं होतं, पोरांची ढोपरं तांबडी होतात, वाळत घातलेल्या चादरी तांबड्या होतात. तिनं दुपटं साबणानं चोळलं आणि फेसात डाग पसरला तेव्हा तो मातीसारखा पसरला नाही. त्याच दिवशी तिकडे लटारूलाही रक्त पडू लागलं. दोघांनाही दवाखान्याच्या व्हरांड्यात शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. डॉक्टर नागपूरहून नुकताच आलेला पोरगेलासा माणूस होता. त्यानं नेहमीच्या गोळ्या कुटून चार दिवस दिल्या आणि पाचव्या दिवशी कपाळ चोळत सांगितलं की गोळ्या लागू पडत नाहीत, रक्त पाडणारे जंतू एक नाही अनेक आहेत, कोण आहे ते कळल्याशिवाय औषध बदलता येत नाही. दोघांच्याही शौचाचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत, चंद्रपूरला, पाठवू. मग नथ्थू कंपाउंडरनं फळीवरची लाकडी पेटी काढली. पेटीवर मुंग्यांची माती चढली होती. त्यानं एक बाटली विशाखाला दिली, आणि काहीतरी सांगायला तोंड उघडून मिटलं. "तुमाले का सांगाचं जी," तो म्हणाला. "तुमी तं शिकेल आहा."

आणि तिनं मान डोलावली होती. चंद्रपूरच्या परकोटाशी, पाच वर्षांनी, विशाखाला आपली ती मान स्पष्ट दिसली: किंचित तिरपी, किंचित सुखावलेली. मुलगी आत कळांनी तळमळत होती आणि हिला कुणी शिकलेली म्हटलं म्हणून बरं वाटलं होतं. काय सांगायचं होतं, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मग शिकलेली कसली. बाहेर येताना तिनं ऐकलं होतं, नथ्थू मनकर्णाला दटावून दटावून काहीतरी सांगत होता, एकदा, दोनदा, बहिऱ्याला सांगावं तसं. तिला वाटलं, बिचारीला झाकण लावता येत नसेल. घरी येऊन तिनं बाटली उजेडात धरली. बाहेरून धूळ, आत कुणीतरी विसळून तसंच ठेवलेलं लालसर पाणी. दवाखान्यांत घाण बाटल्या देतात आणि मग म्हणतात जंतू निघाले. तिनं पाणी मेंदीत ओतलं. आधण आणलं. काच तडकू नये म्हणून आधी कोमट, मग उकळतं, असं तीनदा विसळलं. मग डेटॉल, दोन झाकणं, तळव्यानं तोंड दाबून खळखळवून. पुन्हा पाण्यानं विसळली नाही, कारण एटापल्लीच्या पाण्याचा तिला भरवसा नव्हता. बाटली आरशासारखी झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे गुणवंत दोन्ही बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून, कापडी पिशवीत घालून, सहाच्या बसला निघाले तेव्हा तिनं एकदा पिशवीत डोकावून पाहिलं. मनकर्णाच्या बाटलीत तो लालसर गाळ तसाच होता. निदान आपल्या पोरीची तरी स्वच्छ आहे, असं तिला वाटलं होतं. हेच वाटलं होतं, अगदी याच शब्दांत.

घराच्या पायरीवर तिनं क्षणभर उभं राहून श्वास घेतला. आत नागू पालथा पडला होता. गुणवंत त्याच्या ओठांना चमच्यानं साखर-मिठाचं पाणी लावत होते. एक चमचा, मग मनात काहीतरी मोजल्यासारखं थांबणं, मग दुसरा. त्यांनी बाटलीकडे पाहिलं आणि लगेच नजर चमच्याकडे नेली. तिथल्यानं काही सांगितलं का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, धुवू नका म्हणाला. गुणवंतांनी मान हलवली. चमचा वाटीच्या कडेला लागून उगाच वाजला. एवढंच. मग नागूला कळ आली, आणि पुढचं सगळं हातांनी केलं. तिला दिसलं ते एवढंच, की गुलाबी पाण्यात तो आवेचा गोळा पडला आणि पाणी गढूळ झालं. तिची बोटं घाण झाली होती, बाटलीची कड घाण झाली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं काहीही न पुसता झाकण लावलं.

ती स्वतः घेऊन गेली. गुणवंत जातो म्हणाले, तर तिनं नको म्हटलं, जरा जोरातच. वाटेत बाटली पोटाशी धरून चालताना, इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून तिनं कधी न पाहिलेली एक गोष्ट तिला दिसली. पिशवी एकच होती. बाटल्या दोन होत्या, पण पिशवी एक, फडकं एक, बस एक. ऊन एकीलाच कसं लागेल?

कारण पाच वर्षं तिच्या जगण्याला त्या उन्हाचाच टेकू होता. झालं होतं असं: गुणवंत चंद्रपूरला भावाकडे तीन दिवस थांबून दोन कागद आणि एक औषधाची बाटली घेऊन परतले. लटारूच्या कागदावर जंतूचं नाव होतं, आणि कोणतं औषध त्याला मारतं, कोणतं मारत नाही, याची यादी होती. गुणवंतांनी आणलेलं औषध त्यातलंच. मित्राच्या कागदावर एक ओळ होती. रोगजंतू आढळले नाहीत. दोन्ही कागद डॉक्टरच्या आधी विशाखानं वाचले. आणि तिला आनंद झाला. त्या आनंदाची चव तिला आजही आठवायची, साखरेच्या दाण्यासारखी जिभेच्या टोकावर. डॉक्टर म्हणाला, जंतू नाहीत तर अमिबा असेल, त्याचं औषध वेगळं, ते सुरू करू. संध्याकाळी तो पुन्हा आला. खाटांच्या मधोमध उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला की दोघांची लक्षणं तर सारखीच दिसतात. तेव्हा मनकर्णानं लटारूच्या औषधाची बाटली उचलली. "अर्धं इच्या पोरीले देऊन टाका जी," ती म्हणाली. "एकाच ओट्यावरचे लेकरं. एकच पानी पेले. जंतू काऊन अलग राह्यतीन?"

आणि विशाखानं तिला समजावून सांगितलं. शांतपणे, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. की मनकर्णाबाई, तसं नसतं. डोळ्यांना सारखं दिसलं तरी आतून प्रत्येकाचा जंतू वेगळा. रिपोर्टमध्ये नाही म्हणजे नाही. चुकीचं औषध पोराला विषासारखं. कॉलेजात शिकलेलं सगळं तिला त्या व्हरांड्यात अगदी नीट आठवत होतं. डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि म्हणाला, ठीक आहे, आणखी एक दिवस बघू. तो दिवस गेला. पुढचाही अर्धा गेला, मग त्यानं न विचारताच लटारूचं ते औषध सुरू केलं. तोवर मित्रा चमचा धरत नव्हती. लटारू खाटेवर उठून बसला होता आणि पोह्यांसाठी रडत होता. त्याचं रडणं थांबवायला मनकर्णा त्याच्या तोंडावर हात दाबत होती, शेजारच्या खाटेला ऐकू जाऊ नये म्हणून. सकाळी नऊच्या सुमारास मित्रानं सूरजागडच्या बाजूला मान वळवली. डोंगर धुऊन काढल्यासारखा निळा होता.

मित्रा गेली त्याच्या नवव्या दिवशी गुणवंत पुन्हा चंद्रपूरला गेले. एकाच ओट्यावरची दोन लेकरं, एकाच्यात जंतू सापडतो आणि दुसरीच्यात नाही, असं कसं, हे विचारून येतो म्हणाले. संध्याकाळच्या बसनं आले आणि पायरीवर बसून चपलेचा अंगठा चाचपत राहिले. काय म्हणाले, तिनं विचारलं. नमुना खराब झाला असेल म्हणाले, असं ते पुटपुटले. तिनं तेव्हा, कुठून कुणास ठाऊक, विचारलं, "उन्हात ठेवली होती का तुम्ही पिशवी?" गुणवंतांनी तिच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. आलापल्लीले चहा प्यालो. पिशवी बाकावर राह्यली."

ते वाक्य तिनं पदरात बांधून घेतलं. त्यावर ती जगली. पहिलं वर्ष ती त्यांच्याशी कामापुरतं बोलली. त्यांनी चहा सोडला, तेही तिनं पाहिलं आणि काही म्हणाली नाही. आणि मूलला धाकट्या भावाच्या लग्नात, आईनं मांडवात सगळ्यांसमोर जावयापुढे कपबशी धरली तेव्हा विशाखाच म्हणाली, "त्यांना नको देऊ. चहा पिताना त्यांना भान राहत नाही." मांडवातल्या बायकांना वाटलं, नवराबायकोची थट्टा आहे, कुणी हसलं. गुणवंतही हसले होते. विशाखाला आता तेच आठवत होतं, त्यांचं ते हसणं, कडेला उभं राहून दुसऱ्याच्या वतीनं हसल्यासारखं. पुढे बदली होऊन ते चंद्रपूरला आले, नागू झाला. घर पुन्हा चकाचक होऊ लागलं. दिवसातून तीनदा ती खिडकीतली कोळशाची भुकटी पुसायची. फक्त डेटॉल घरात आलं नाही. ती यादीत लिहायची आणि गुणवंत नेमकं तेवढंच विसरायचे. पुन्हा लिहिलं की म्हणायचे, साबण पुरे. दवाखान्याच्या वासाची भीती बसली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

खिडकीत श्रीहरीभाऊंनी बाटली हलवून, उजेडात धरून पाहिली आणि बरोबर आणली म्हणून मान हलवली. तिनं विचारलं, धुतली असती तर? ते पट्टीवर नाव लिहीत होते. नागसेन, वय, पुरुष. "तर काहीच उगवत नाई बाई," ते म्हणाले. "आपण लिहितो, आढळले नाई. आता आढळले नाई म्हणजे नव्हते, असं नाई ना. पण कागदावर तेवढी जागा नसते."

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मनात एक सौदा चालू राहिला. आपल्याकडे देव नाही, नवस नाही, हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणून ती कुणाशी बोलत होती हे तिलाच ठरवता येत नव्हतं. नागू बरा झाला की गुणवंतांना सांगेन. आधी नाही. आधी सांगितलं आणि याचंही काही झालं, तर त्या घरात एकमेकांकडे बघायला भिंतीसुद्धा उरणार नाहीत. मग वाटे, न सांगता बरा व्हावा असं म्हणणं म्हणजे पुन्हा एक बाटली धुणंच. ती नागूच्या पोटावर हात ठेवून बसे. कळ आली की तळव्याखाली आतडी पिळल्यासारखी सरकत. गुणवंत चमचा-चमचा पाणी देत. दोघांच्या मध्ये तो एवढासा देह, आणि त्याच्यात कोण शिरलं आहे याचं उत्तर दवाखान्यातल्या एका गरम कपाटात, काचेच्या बशीत, हळूहळू वाढत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खिडकीशी गेली तर श्रीहरीभाऊंनी कधी नव्हे ते दार उघडून आत घेतलं. तुमी शिकेल दिसता, पाहून घ्या, म्हणाले. तोच शब्द. त्यांनी काचेची झाकलेली बशी उजेडात धरली. तांबूस खळीवर ठिपके होते, मोहरीएवढे. काही गर्द गुलाबी, आणि त्यांच्यामधे काही बिनरंगाचे, पाण्याच्या थेंबासारखे, तिरकं पाहिल्याशिवाय न दिसणारे. गुलाबी ते आपल्या घरचेच, ते म्हणाले, सगळ्यांच्या पोटात राहतात, कुणाला त्रास नाही. बिनरंगी ते पाहुणे. दुर्बिणीखाली धरले तर दोघंही सारखे, तसूभर फरक नाही, एकाच भावकीतले. एकाला दुधातली साखर पचते, दुसऱ्याला पचत नाही, तेवढ्यावरून ओळखायचं. "अन् ह्या पाहुन्यातबी चार भाऊ जी. थोरला लई वाईट. त्याले आपल्या जुन्या गोळ्या पाण्यासारख्या. तो आहे का मधला आहे, ते उद्या पाहू." ती बिनरंगी ठिपक्यांकडे बघत राहिली. मित्राच्या बशीत काय दिसलं असेल? काहीच नाही. गुलाबीही नाही. हे तिच्या आता लक्षात आलं: घरचे, सगळ्यांच्या पोटात राहणारे, तेही नाहीत. एक कोरी, तांबूस, स्वच्छ बशी. आरशासारखी. ती कोरी बशी हातात धरून ह्या माणसाला त्या दिवशी काय वाटलं असेल, असा विचार करत ती घरी आली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी काचपट्टीवर थोरल्याला ओळखणाऱ्या सीरमचा एक थेंब घेतला, त्यात तारेच्या टोकानं बिनरंगी ठिपका कालवला आणि काच हलक्या हातानं डोलवत राहिले. थेंब दुधाळ झाला आणि दुधाळच राहिला. हा थोरला नाई, श्रीहरीभाऊ म्हणाले. दुसऱ्या सीरमचा थेंब घेतला. काच दोनचारदा डोलली आणि थेंब एकाएकी फाटला, नासलेल्या दुधाचा चोथा व्हावा तशा बारीक गुठळ्या तरंगायला लागल्या. मधला. मग त्यांनी औषधांच्या चकत्या ठेवलेली बशी दाखवली. काही चकत्यांभोवती जंतू अगदी खेटून वाढले होते, काहींभोवती जमीन शेणानं सारवावी तसं मोकळं वर्तुळ पडलं होतं. ज्याच्याभोवती वर्तुळ, ते औषध. त्यांनी कागदावर नाव लिहिलं, खाली औषधं लिहिली, सही केली. तिनं कागद घेतला. तिला वाटलं होतं रडू येईल. पण तिला फक्त मनकर्णाचा लटारूच्या तोंडावर दाबलेला हात आठवला.

औषध सुरू झालं. एका दिवसात रक्त थांबलं, दुसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी नागू उठून बसला आणि भात मागू लागला. विशाखानं गुरगुट्या भात केला. ताटलीत घेऊन बोटांनी मऊ करताना तिच्या लक्षात आलं की जिची वाट पाहत होतो ती वेळ आली आहे. गुणवंत नागूच्या पाठीला टेकू देऊन बसले होते. बाहेर कुणीतरी खाटेचा काथ्या ओढून बांधत होतं, त्याचा करकर आवाज येत होता.

"त्या बाटलीतलं पाणी मी फेकलं होतं," ती म्हणाली. भाताकडे बघतच. "मित्राच्या. मेंदीत ओतलं. आणि बाटली धुतली होती. डेटॉलनं."

करकर थांबली, पुन्हा सुरू झाली. गुणवंतांनी नागूच्या मानेवरचा घाम हातानं पुसला.

"वास येत होता," ते म्हणाले.

तिनं वर पाहिलं.

"बसमधे. पिशवी उघडली का वास ये. मले वाटलं, मित्राच्या आईचा हात लागला, येईनच. नवव्या दिवशी गेलो तं त्या खिडकीतल्या भाऊनं इचारलं, बाटली धुतली होती का जी. मंग समजलं."

"मग मी विचारलं तेव्हा..."

"तू इचारलं, उन्हात ठेवली का. मी हो म्हणलो." त्यांनी नागूला नीट टेकवलं. "तुह्या हातात तेव्हा काई राह्यत नव्हतं. गिलासबी सुटून पडे."

नागूनं तोंड उघडलं होतं. तिनं त्याला घास दिला. त्यानं तो गालात धरून सावकाश गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. दुसरा घास उचलताना तिचा हात ताटलीतच थांबला, कारण एक गोष्ट अजून उरली होती आणि ती तिला विचारावीच लागणार होती. ती म्हणाली, आणि आलापल्लीला? बाकावर?

गुणवंतांनी मान हलवली. पाच वर्षांत त्यांनी तिला मित्राच्या नावानं हाक मारली नव्हती. नागू झाल्यापासून तर ती नागूचीच आई होती.

"मित्राची आई," ते म्हणाले, "चहा कुठी प्यालो मी. दोन बाटल्या मांडीवर होत्या. हात कुठी मोकळा होता?"